पंधराव्या वर्षी नापास झालेला गडी



बीट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. आपण ते किसून कोशिंबिरीत घालतो. इंग्लंडात ते उकडतात, सोलतात, शिरक्यात मुरवतात आणि काचेच्या बरण्यांत भरून ठेवतात. अशा बरण्या भरण्याच्या एका कारखान्यात २०००-०१ च्या सुमाराला एक उंचापुरा पोरगा कामाला होता. वय अठरा-एकोणीस. बरणी समोर आली की तिला झाकण लावायचं, मग दुसरी, मग तिसरी. दिवसाची रोजी वीस पौंड. विलायतेच्या मानानं ही रोजी फार थोडी.

पोराचं नाव रिकी लॅम्बर्ट. खरं तर तो फुटबॉलचा खेळाडू होता, पण तोपर्यंत दोन क्लबांनी त्याला नारळ दिला होता. पहिल्यानं पंधराव्या वर्षी, दुसऱ्यानं अठराव्या. पुढं हाच पोरगा इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला. पण तोवर त्याचं वय एकतीस झालं होतं. मधली बारा-तेरा वर्षं तो कुठं होता आणि काय करत होता, तेवढंच आज सांगायचं आहे. ज्यांच्या घरात पंधरा-सोळा वर्षांचं पोर आहे, त्यांनी जरा सावकाश वाचावं.

आधी तिकडची रीत समजून घेऊ, म्हणजे पुढचं नीट कळेल. इंग्लंडात फुटबॉलचे धंदेवाईक सामने १८८८ सालापासून साखळी पद्धतीनं होतात. आज वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत. सगळ्यात वरच्या श्रेणीत वीस आणि खालच्या तीन श्रेणींत प्रत्येकी चोवीस. त्याही खाली लहान गावांच्या क्लबांची मोठी उतरंड आहे. वर्षाच्या शेवटी पहिल्या श्रेणीतले तळाचे तीन क्लब दुसऱ्या श्रेणीत उतरतात आणि दुसरीतले तीन वर चढतात. खालीही हाच नियम, फक्त आकडे थोडे वेगळे. क्लब कितीही जुना असो, घराणं कितीही मोठं असो, हरला की उतरला.

याचं एक उदाहरण आपल्या कुक्कुटपालकांना ठाऊक असेल. पुण्याच्या व्यंकीज समूहानं २०१० साली ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. हा क्लब १९९५ साली इंग्लंडचा विजेता होता. तरी २०१२ च्या मे महिन्यात तो पहिल्या श्रेणीतून खाली उतरला आणि २०१७ साली तर तिसऱ्या श्रेणीत गेला. एका वर्षात तिथून पुन्हा दुसरीत चढला. पैसा, नाव, इतिहास काहीही असलं तरी शिडी सगळ्यांना सारखी. जी शिडी मोठ्याला खाली आणते, तीच लहानाला वर जायला वाट देते. रिकीची सगळी गोष्ट या शिडीवरची आहे.

त्याचा जन्म १९८२ सालचा, गाव कर्कबी. लिव्हरपूल शहरातल्या दाट वस्तीतली कामगार कुटुंबं युद्धानंतर जिथं नेऊन वसवली, ते हे गाव. तिथल्या पोरांना लिव्हरपूल क्लबाचं वेड जन्मजात. रिकी दहा वर्षांचा असताना त्या क्लबाच्या बाल संघात निवडला गेला. पाच वर्षं शिकला. पंधराव्या वर्षी क्लबानं सांगितलं, तू पुरेसा नाहीस.

असं का सांगितलं असेल? पंधराव्या वर्षी डोळ्यांत भरतो तो वेग. कोण किती जोरात पळतो, कोण किती लवकर वाढला, हे काठावर उभं राहून कुणालाही दिसतं. रिकी पळण्यात मंद होता आणि पुढंही तो कधी वेगवान झाला नाही. पण खेळाला वेगाखेरीज आणखीही काही लागतं. चेंडू कुठं येणार हे आधी ओळखणं, अंगावर आलेला चेंडू मऊपणानं थोपवणं, घाई न करता साथीदाराकडं देणं. या गोष्टी पंधराव्या वर्षी नीट मोजता येत नाहीत. त्या वर्षं घेऊन पिकतात. प्रतवारी करणाऱ्यानं जे दिसत होतं ते मोजलं. जे दिसत नव्हतं ते तसंच राहिलं.

पुढं ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावाच्या क्लबानं त्याला घेतलं. सतराव्या वर्षी पहिला मोठा सामना मिळाला. पण सगळे मिळून मोजकेच सामने झाले आणि तिथूनही त्याला काढलं. आता हातात क्लब नव्हता आणि पगारही नव्हता. मॅकल्सफील्ड नावाच्या लहान क्लबानं त्याला सरावाला यायला परवानगी दिली, पण पैसे द्यायची काही बोली नव्हती. घरापासून ते गाव ६०-७० किलोमीटर. जायला-यायला भाडं लागतं, पोटाला लागतं. म्हणून बिटाच्या बरण्या. सरावाला जाण्यापुरते पैसे कारखान्यात मिळवायचे आणि ते सरावाला जाण्यात घालवायचे. अखेर २००१ च्या वसंतात मॅकल्सफील्डनं त्याच्याशी करार केला आणि झाकणं लावण्याचं काम सुटलं.

यानंतरची आठ वर्षं तो इंग्लंडच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत फिरला. ज्या गावांतून तो खेळला, ती गावं कष्टकऱ्यांची आहेत. मॅकल्सफील्ड हे रेशमाच्या गिरण्यांचं गाव. तिथल्या क्लबाला आजही रेशीमवाले म्हणतात. २००२ साली तो स्टॉकपोर्टला गेला. ते टोप्या बनवणाऱ्यांचं गाव आणि क्लबाचं टोपणनाव टोपीवाले. २००५ साली रॉचडेल. हे नाव आपल्याकडं सोसायटीच्या संचालकांनी नक्की ऐकलं असेल, कारण १८४४ साली तिथल्या काही विणकरांनी आणि कामगारांनी मिळून सहकारी दुकान उघडलं आणि जगभरच्या सहकाराला नियम घालून दिले. त्या रॉचडेलच्या संघातून रिकीनं २००५-०६ च्या हंगामात साखळीत बावीस गोल केले. त्याच्याबरोबर पुढच्या फळीत ग्रँट होल्ट नावाचा दुसरा एक गडी होता. तोही कधीकाळी टायरच्या कामावर होता. चौथ्या श्रेणीतल्या या दोघांना तेव्हा गावाबाहेर कोण ओळखत होतं? पुढं दोघंही पहिल्या श्रेणीत पोचले आणि दोघांनीही तिथं एकेका हंगामात पंधरा-पंधरा गोल केले.

या खालच्या श्रेणीतलं जिणं कसं असतं तेही सांगतो. मैदान लहान, प्रेक्षक थोडे, हिवाळ्यात चिखल, आणि मंगळवारी रात्री दूरच्या गावी सामना खेळून पहाटेपर्यंत बसनं परत. करार एक-दोन वर्षांचे. पाय मोडला की पुढच्या वर्षाची चिंता. खेळाडू विकला गेला की वर्तमानपत्रात मोठा आकडा छापून येतो, पण ती रक्कम जुन्या क्लबाला मिळते. खेळाडूला त्याचा पगार. मॅकल्सफील्डनं रिकीला स्टॉकपोर्टला दिला तेव्हा आकडा होता तीन लाख पौंड. लहान क्लबाची वर्षाची तोंडमिळवणी अशा एका विक्रीवर होते. एखाद्या घरानं कालवड वाढवावी आणि तिच्या पैशांवर पुढचा हंगाम उभा करावा, तशातली ही गोष्ट.

२००६ साली दोन लाख पौंडांना तो ब्रिस्टल रोव्हर्सकडं गेला. पहिल्याच वर्षी तो क्लब चौथ्या श्रेणीतून तिसरीत चढला. २००८ च्या फेब्रुवारीत चषकाच्या सामन्यात रोव्हर्ससमोर साउदॅम्प्टन हा वरच्या श्रेणीतला क्लब होता. रिकीच्या फ्री किकवर एकच गोल झाला आणि मोठा क्लब घरी गेला. पुढच्या हंगामात त्यानं साखळीत एकोणतीस गोल केले. तिसऱ्या श्रेणीत सर्वाधिक गोलांचा मान त्याला विभागून मिळाला. मंद म्हणून नापास केलेला तो हाच खेळाडू. वेग तेवढाच राहिला होता, पण पंधराव्या वर्षी न दिसलेल्या गोष्टी आता पिकल्या होत्या.

२००९ च्या ऑगस्टमध्ये साउदॅम्प्टननं त्याला सुमारे दहा लाख पौंडांना विकत घेतलं. तोवर त्या क्लबाचीच दैना झाली होती. कर्जात बुडून तो तिसऱ्या श्रेणीत आला होता आणि दंड म्हणून वर्षाच्या आरंभीच त्याच्या खात्यात दहा गुण वजा मांडले होते. मार्कुस लीबहेर या स्विस उद्योजकानं क्लब नुकताच वाचवला होता आणि अॅलन पार्ड्यू हा प्रशिक्षक नव्यानं आला होता.

इथं या गोष्टीची दुसरी बाजू येते. पार्ड्यूनं रिकीला स्पष्ट सांगितलं की खेळ तुझ्यात वरच्या श्रेणीचा आहे, शरीर मात्र त्या तयारीचं नाही. वजन उतरव. वय सत्तावीस. आठ वर्षं गोल करून नाव कमावलेल्या माणसाला असं बोलणं लागतं. राग धरून बसणं सोपं होतं. रिकीनं राग न धरता वजन उतरवलं. लिव्हरपूलनं त्याला ओळखलं नाही हे खरं, पण सत्ताविसाव्या वर्षापर्यंत त्यानंही आपलं शरीर पुरतं कसलं नव्हतं, हेही तितकंच खरं. दोन्ही खरं मानलं, म्हणून पुढचं झालं.

आता आकडे बघा. २००९-१० ला साखळीत तीस गोल. वजा दहा गुणांनी सुरू केलेला क्लब सातवा आला. ते दहा गुण कापले नसते तर बढतीच्या जादा फेरीत नक्की खेळला असता. त्याच वर्षी वेम्ब्लीच्या मैदानावर खालच्या श्रेणींसाठीचा चषक या क्लबानं जिंकला, त्यातही रिकीचा एक गोल. २०१०-११ ला एकवीस गोल आणि क्लब दुसऱ्या श्रेणीत. २०११-१२ ला सत्तावीस गोल, दुसऱ्या श्रेणीत सर्वांत जास्त, आणि क्लब पहिल्या श्रेणीत. ब्लॅकबर्न ज्या वर्षी उतरला, त्याच वर्षी साउदॅम्प्टन चढला.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या श्रेणीतला पहिला सामना आदल्या वर्षीच्या विजेत्याशी, मँचेस्टर सिटीशी. रिकी तीस वर्षांचा. बदली खेळाडू म्हणून उतरला आणि गोल केला. सामना हरले, पण शंका फिटली. त्या हंगामात त्याचे पंधरा गोल झाले. पहिल्या श्रेणीतल्या एकाही इंग्लिश खेळाडूचे त्याहून जास्त नव्हते.

आणखी एक आकडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. साउदॅम्प्टनसाठी त्यानं चौतीस पेनल्ट्या मारल्या आणि चौतीसही गोल झाले. पेनल्टी म्हणजे गोलरक्षक समोर, चेंडू बारा यार्डांवर आणि हजारो लोकांचा श्वास रोखलेला. मोठमोठ्यांच्या त्या हुकतात. तिथं पळण्याच्या वेगाचा काही उपयोग नसतो. तिथं लागतं डोकं थंड ठेवणं, आणि ते त्याच्याजवळ होतं.

२०१३ च्या ८ ऑगस्टला दोन बातम्या एका दिवशी आल्या. घरी मुलगी झाली आणि इंग्लंडच्या संघात निवड झाली. १४ ऑगस्टला वेम्ब्लीवर स्कॉटलंडशी सामना. दोन-दोन अशी बरोबरी होती. वेन रूनीच्या जागी रिकी मैदानात उतरला. तीन मिनिटांच्या आत कॉर्नरवरून चेंडू आला, त्यानं उंच उडी घेऊन डोक्यानं जाळ्यात मारला. देशासाठी त्याचा चेंडूला झालेला पहिला स्पर्श, आणि तोच विजयाचा गोल. सगळे मिळून तो इंग्लंडकडून अकरा सामने खेळला, तीन गोल केले. २०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात उरुग्वेविरुद्ध शेवटची काही मिनिटं त्याला मिळाली.

इथं सिनेमा संपला असता. पण माणसाचं आयुष्य सिनेमासारखं गोड जागी थांबत नाही. २०१४ च्या जूनमध्ये लिव्हरपूलनं, म्हणजे पंधराव्या वर्षी ज्यांनी परत पाठवलं त्याच क्लबानं, त्याला सुमारे चाळीस लाख पौंडांना विकत घेतलं. त्याचं बालपणाचं स्वप्न पुरं झालं. पण वय बत्तीस. तिथं जागा मिळेना, सगळ्या स्पर्धांत मिळून गोल झाले फक्त तीन. वर्षभरात तो वेस्ट ब्रॉमला गेला, तिथून कार्डिफला, आणि २०१७ साली खेळ थांबवला. जिथं आवड होती तिथं एक वर्ष मिळालं. जिथं गरज होती तिथं पाच वर्षं मिळाली आणि त्या पाच वर्षांत एकशे सतरा गोल झाले. कोणती वर्षं मोठी, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि ज्यांच्या खांद्यावर पाय ठेवून तो चढला, त्या लहान क्लबांचं काय झालं? ज्या २०१३ साली रिकी इंग्लंडसाठी खेळला, त्याच साली स्टॉकपोर्ट घसरत घसरत सहाव्या श्रेणीत गेला. तो परत वरच्या चार श्रेणींत यायला २०२२ साल उजाडलं. मॅकल्सफील्डवर कर्ज चढलं आणि २०२० साली न्यायालयानं तो क्लब मोडीत काढला. गावात नवा क्लब खालच्या श्रेणीपासून उभा करावा लागला. १०२ वर्षं वरच्या चार श्रेणींत टिकलेला रॉचडेल २०२३ साली बाहेर पडला. पंधराव्या वर्षी टाकून दिलेल्या पोरांना दुसरी संधी मिळते ती अशाच ठिकाणी. हे क्लब नसते तर रिकी कदाचित आजही झाकणं लावत असता, आणि त्याच्या अंगात काय होतं ते त्यालाही कळलं नसतं.

मंडळी, याचा अर्थ असा नव्हे की परत पाठवलेलं प्रत्येक पोर पुढं देशासाठी खेळेल. मोठ्या क्लबांच्या बाल संघांतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक पोरांचं नाव पुन्हा कधी छापून येत नाही. खालच्या श्रेणीतले बहुतेक खेळाडू खालीच खेळून निवृत्त होतात, दुसरा धंदा धरतात. त्यांचंही काही वाया गेलं असं मी म्हणणार नाही. रिकीला २०१३ सालच्या गोलाचं जेवढं मोल, तेवढंच मोल रॉचडेलच्या चिखलात केलेल्या बावीस गोलांचं आहे. ते नसते तर हा कुठून आला असता?

पण एवढं नक्की. पंधराव्या वर्षीचा निकाल हा पंधरा वर्षांच्या पोराचा निकाल असतो. तो सत्तावीस वर्षांच्या माणसाचा नसतो. आपल्या घरात निकालाचा कागद येतो, आकडे कमी असतात, शेजारच्या पोराचे जास्त असतात आणि आपल्या तोंडून एखादा शब्द निघून जातो. कागदावरचे आकडे पोर दोन वर्षांत विसरतं. घरचा शब्द विसरत नाही. त्याला खडसावायचं तर पार्ड्यूसारखं खडसावा. तुझ्यात हे आहे, हे आधी सांगा. मग कुठं कमी पडतोस ते सांगा, आणि ते भरून काढायला वेळ द्या.

रिकीला तो वेळ बिटाच्या कारखान्यानं आणि चार लहान क्लबांनी दिला. आपल्या पोरांना तो घरातच मिळाला, तर बारा वर्षं थांबावं लागणार नाही.